पाटा, स्प्रिंग आणि रस्ता : मालवण किनाऱ्यावरील वाहनांच्या सस्पेन्शन-जुळणीचा इतिहास

वाहनांच्या इतिहासात इंजिनाला जो मान मिळतो तो सस्पेन्शनला क्वचितच मिळतो. इंजिन वाहनास गती देते, ही गोष्ट उघड दिसते; परंतु ती गती प्रवाशास, मालास आणि खुद्द वाहनास सोसवेल अशी करण्याचे काम चाक व सांगाडा यांच्यामधील रचना करीत असते. चाकाला सांगाड्याशी जोडणारी, पण चाकास बसलेला धक्का सांगाड्यापर्यंत जशाच्या तसा पोहोचू न देणारी ही रचना म्हणजेच सस्पेन्शन होय. इंजिन कारखान्यातून जसे येते तसेच बहुधा आयुष्यभर चालते. सस्पेन्शनचे तसे नाही. ज्या मुलखात वाहन धावावयाचे, तेथील रस्ता, चढ, पाऊस आणि ओझे यांच्याशी त्याचा मेळ घालावा लागतो, आणि हे काम कारखान्याच्या दाराबाहेर, मिस्त्र्यांच्या हातून होत आले आहे.

मुंबई, पुणे, कोल्हापूर व गोवा येथील काही हौशी मालक आपल्या स्पोर्ट्स मोटारींना मूळची स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर काढून ‘कॉइलओव्हर’ नावाची जुळवणीक्षम जोडणी बाजारातून घेऊन बसवितात. गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गामुळे आणि सह्याद्रीच्या घाटांमुळे अशा मोटारींची वाट सिंधुदुर्ग जिल्ह्यातून जाते. ही केवळ परदेशी हौस आहे, या मुलखाच्या इतिहासाशी तिचा संबंध नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तू नवी आहे यात शंका नाही. परंतु तिच्या साहाय्याने जी क्रिया केली जाते ती या किनाऱ्यावर जुनीच आहे. प्रस्तुत लेखात त्या क्रियेचा मागोवा घ्यावयाचा असून, जुन्या जुळणीत कोणत्या गोष्टी एकमेकींस बांधलेल्या होत्या आणि नव्या जुळणीत त्या कशा सुट्या झाल्या, हे पाहावयाचे आहे.

१. चाकापूर्वीचा व बिनस्प्रिंगच्या चाकाचा काळ

विजयदुर्ग, देवगड, मालवण व वेंगुर्ले या बंदरांच्या प्रदेशात समुद्र हाच दीर्घकाळ राजमार्ग होता. किनाऱ्यास समांतर जावयाचे म्हटले तर दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येई व तरीवाचून गत्यंतर नसे. आत जावे तर जांभ्याचे सडे, त्यांमधील खोल वहाळ आणि पुढे सह्याद्रीची भिंत. त्यामुळे जड माल गलबतांतून व पडावांतून जाई. घाटावरची देवघेव लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून चाले. सामान्य माणूस पायी जाई आणि प्रतिष्ठित मंडळी मेण्यातून अथवा डोलीतून. मेण्यात दांड्याची लवचीकता आणि भोयांचे गुडघे व खांदे हेच धक्का जिरविण्याचे साधन होते. वाट कितीही खडबडीत असली तरी भोई पाऊल जपून टाकी. जमिनीचा आकार आणि प्रवाशाचे आसन यांच्यामध्ये एक विचार करणारे माध्यम होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८१२ साली मालवण व वेंगुर्ले ही ठाणी इंग्रजांच्या ताब्यात गेली आणि १८१८ नंतर बेळगावास लष्करी छावणी स्थिरावली. छावणीचे सर्वांत सोयीचे बंदर वेंगुर्ले असल्यामुळे वेंगुर्ले–बेळगाव मार्गास महत्त्व आले व एकोणिसाव्या शतकात घाटांतून गाडीरस्ते बांधले गेले. आंबोली व फोंडा या घाटांनी चाकाला देशाकडे जाण्याची वाट मोकळी करून दिली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव बंदरातून लोहमार्ग सुरू झाल्यावर वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. परंतु रस्ता राहिला आणि त्यावरील बैलगाडीही राहिली.

या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. आख सरळ साट्याखाली बांधलेला, तुंब्यात आरे बसविलेले आणि चाकावर लोखंडी धाव. बसणाऱ्याच्या सुखासाठी भाताच्या पेंढ्याचा थर पसरला की व्यवस्था संपली. यात मागासलेपण पाहण्याचे कारण नाही. रस्त्यावरील एखाद्या उंचवट्यावर चाक किती वेगाने वर फेकले जाईल हे गाडीच्या वेगाच्या प्रमाणात ठरते, आणि त्या उसळीतील शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी चार किलोमीटरने चालणाऱ्या गाडीस जो दगड जाणवतही नाही, तोच ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या गाडीस शंभरपट शक्तीने आपटतो. बैलाच्या चालीला पेंढा पुरेसा होता. लंडनचे गाडीकार ओबडाया एलियट यांनी १८०४ साली लंबवर्तुळाकार पोलादी कमानींचे पेटंट घेतले, ते घोड्यांच्या वेगवान गाड्यांसाठी. त्याच वंशातील कमानी पुढे टांग्याच्या रूपाने आपल्या शहरांत परिचित झाल्या. स्प्रिंगची गरज सुखासीनतेतून नव्हे, तर वेगातून उत्पन्न झाली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

२. पाट्याची सत्ता

मोटार कोकणात आली ती पाट्यांवर बसून. एकाखाली एक, क्रमाने आखूड होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांची ही कमान सर्व्हिस मोटारींना होती, मालाच्या लॉऱ्यांना होती, १९४७ पासून मुंबईत जुळविल्या जाऊ लागलेल्या जीपला चारही चाकांवर होती आणि एस.टी.च्या गाड्यांनाही होती. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे या सेवेचा विस्तार होत गेला, तेव्हा कोकणच्या गावोगावी ‘पाटा तुटला’ हे शब्द प्रवाशांच्याही तोंडी बसले. गाडी वाटेत का थांबली, या प्रश्नाचे ते एक नेहमीचे उत्तर होते.

पाट्याचे वैशिष्ट्य असे की तो एकटाच तीन कामे करतो. पहिले काम ओझे पेलण्याचे. दुसरे, चाकांचा आख जागच्या जागी धरून ठेवण्याचे. मुख्य पाट्याची टोके शॅकल व बुश यांच्या योगे सांगाड्यास जोडलेली असल्यामुळे आख पुढेमागे वा आडवा सरकत नाही. तिसरे, उसळी शमविण्याचे. पाटा वाकताना पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात आंदोलनाची शक्ती खर्च होते. स्प्रिंग, जोडदांडा व शमक ही तीन यंत्रांगे एकाच लोहारकामात सामावलेली होती. म्हणूनच पाटा स्वस्त, टिकाऊ आणि खेड्यातील भट्टीवर दुरुस्त होण्याजोगा ठरला.

पाट्याची जुळणी ही या किनाऱ्यावरील सस्पेन्शन-जुळणीची पहिली पायरी होय. चिऱ्याची वाहतूक करणाऱ्या लॉरीला जादा ओझे पेलावयाचे असेल तर एक पाटा वाढविला जाई. बसून गेलेल्या पाट्यास उतरवून, तापवून, ऐरणीवर ठोकून पुन्हा कमान दिली जाई. गंज चढून पट्ट्या एकमेकींस चिकटल्या की त्या सोडवून मध्ये वंगण घातले जाई. मधला बोल्ट व यू-बोल्ट आवळले की काम पुरे. गणेशचतुर्थीस मुंबईचा चाकरमानी गावी येऊ लागला म्हणजे गाड्या माणसांनी व सामानाने भरून जात, आणि वर्षभर गुरगुरणारा जादा पाटा त्या आठवड्यात उपकारी वाटे.

परंतु या जुळणीस एक मूलभूत मर्यादा होती. पाट्याची ताठरता पट्ट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. सात सारख्या पाट्यांवर आठवा चढविला तर ताठरता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. पण त्याबरोबर गाडीची उंचीही वाढते आणि पट्ट्यांमधील घर्षणही वाढते. उंची हवी, ताठरता नको, असे म्हणण्याची सोय नव्हती. जाडीच्या बाबतीत तर हिशेब अधिकच कठोर होता. ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने केवळ १० टक्के जाड पट्टी सुमारे ३३ टक्के अधिक ताठर होते. बाजारातून चुकीच्या जाडीचा पाटा आणून बसविणाऱ्यास हे गणित ठाऊक नसले तरी त्याचा परिणाम पहिल्याच खड्ड्यात कळून येई. उंची, ताठरता व शमन ही तीन परिमाणे एकमेकांस जखडलेली असल्यामुळे जुन्या मिस्त्र्यास चूक करण्यास वाव कमी होता, आणि झालेली चूक लपतही नव्हती.

३. तीन कामांची फारकत

या त्रयीची फारकत युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. १९२२ साली प्रकाशात आलेल्या लान्चिया लाम्ब्दा या इटालियन मोटारीत पुढील प्रत्येक चाकास स्वतंत्र हालचाल, गुंडाळी स्प्रिंग व तेलाचा शमक एकाच नळीत दिलेले होते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी पद्धतशीर प्रयोग करून, पुढील स्प्रिंग मागील स्प्रिंगपेक्षा मृदू असावी म्हणजे उंचवटा ओलांडल्यावर गाडीचे डुलणे लवकर थांबते, हा नियम प्रस्थापित केला. अर्ल मॅकफर्सन यांनी स्प्रिंग, शमक आणि चाकाचा आधार यांना एकाच उभ्या खांबात आणले. १९५० साली लोकांसमोर आलेल्या फोर्ड कॉन्सल व झेफिर या इंग्लिश मोटारींमुळे ही रचना सर्वमान्य झाली. त्याच सुमारास शर्यतीच्या मोटारींच्या कारागिरांनी, विशेषतः लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी, शमकाभोवतीच स्प्रिंग बसविलेली हलकी जोडणी प्रचारात आणली. आजच्या कॉइलओव्हरचा जन्म या कुळात झाला आहे. ‘शमकावर स्प्रिंग’ एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

गुंडाळी स्प्रिंग हलकी व नेमकी असते, परंतु तिच्यात घर्षण जवळजवळ नसते. एकदा दबली की ती कितीतरी वेळ खालीवर होत राहते. म्हणून तिला स्वतंत्र शमकाची गरज लागते. तिला आडवे बल सोसत नाही म्हणून चाक धरून ठेवण्यास स्वतंत्र दांडे लागतात. पाट्याची तीन कामे तीन अवयवांत वाटली गेली.

महाराष्ट्रात हे स्थित्यंतर एकाच मोटारीत पाहावयास मिळाले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या पुढच्या चाकांना जोडदांडे व गुंडाळी स्प्रिंगा होत्या, तर मागे अखंड आख पाट्यांवर बसविलेला होता. पुढून ती नव्या युगाची आणि मागून जुन्या युगाची होती. याच मोटारीचा अवतार पुढे पद्मिनी या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला. दोन्ही विद्या अवगत असल्याखेरीज फियाटचा मिस्त्री होता येत नसे. १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल इंडियाची स्थापना झाल्यावर शॉकअब्सॉर्बर देशात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि ‘शॉकअब’ हा शब्द मराठीत रुळला.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा पुढील बाजूचे मॅकफर्सन खांब सामान्य कुटुंबाच्या दारात पोहोचले. मिस्त्र्याच्या दृष्टीने हा बदल फियाटपेक्षाही मोठा होता. फियाटमधील शमक बदलल्याने चाकाचा कोन बदलत नसे. मारुतीत शमक हाच चाकाचा खांब असल्यामुळे तो उतरवून पुन्हा बसविला की चाकाचा कल तपासणे भाग पडू लागले. चाकांच्या कोनांची तपासणी, म्हणजे अलाइनमेंट, हा स्वतंत्र व्यवसाय शहरांतून तालुक्याच्या गावी पसरला तो या पिढीच्या मोटारींबरोबर.

नवी स्प्रिंग आली, तरी जुळणीची जुनी वृत्ती गेली नाही. गाडी ठेंगणी व ऐटदार दिसावी म्हणून स्प्रिंगेचा एखादा वेढा कापून टाकण्याची चाल याच काळात पडली. गुंडाळी स्प्रिंगेची ताठरता वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. आठ कार्यकारी वेढ्यांपैकी एक कापला तर ताठरता आठ-सप्तमांश, म्हणजे पुन्हा सुमारे १४ टक्क्यांनीच वाढते. जादा पाट्याने गाडी उंच व ताठर होई. कापलेल्या स्प्रिंगेने ती ठेंगणी व ताठर होते. हिशेबाचा आकडा एकच असला तरी दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. पाटा वाढविणाऱ्याने ताठरतेबरोबर उंचीही दिली होती. वेढा कापणाऱ्याने ताठरता वाढविली आणि दबण्यास उरलेली जागा कमी केली. शिवाय कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळताच आपल्या बैठकीतून निसटू शकते. हे काम दिसण्यास सोपे असले तरी धोक्याचे होते.

४. कॉइलओव्हर व त्याची जुळणी

कॉइलओव्हरने उंची, ताठरता व शमन या तिहींचा ताबा एकाच जागी, पण वेगवेगळ्या हातांत दिला. शमकाच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर स्प्रिंगेची बैठक असलेले कडे फिरते व त्याखालचे दुसरे कडे त्यास जखडून ठेवते. चांगल्या जोडणीत नळीचे तळचे टोकही आट्यांचे असून त्याची लांबी वेगळी बदलता येते. माथ्यावर किंवा तळाशी एक लहान घुंडी असते. तिच्या टिकटिकणाऱ्या पायऱ्यांनी तेलाची वाट अरुंद वा रुंद होते आणि शमन कमीजास्त होते. ताठरता मात्र स्प्रिंग बदलल्याखेरीज बदलत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर हौशी मंडळींचा सर्वांत मोठा गैरसमज आढळतो. कडे वर फिरवून स्प्रिंग दाबली म्हणजे ती ताठर झाली, असे मानले जाते. एक साधा हिशेब पाहू जाता हे खरे ठरत नाही. स्प्रिंग दर मिलिमीटरला ६ किलोग्रॅम भार घेणारी आहे आणि तिच्यावर मोटारीचा ३०० किलोग्रॅम भार येतो, असे धरल्यास ती ५० मिलिमीटर दबून स्थिर होते. आता कडे १० मिलिमीटर वर चढविले. मोटारीचे वजन बदललेले नाही, म्हणून स्प्रिंग अजूनही एकूण ५० मिलिमीटरच दबेल. मोटार तेवढी १० मिलिमीटर वर उचलली जाईल. ताठरता दर मिलिमीटरला सहाच राहील. बदलेल ते हे की, चाकाला खाली लोंबण्यास पूर्वी ५० मिलिमीटर वाव असेल तर तो आता ४० उरेल. खड्ड्यावरून जाताना चाकाने खाली उतरून जमीन धरावयाची असते, आणि तो वाव कमी झाला की चाक क्षणभर अधांतरी राहते. तळच्या टोकाची लांबी बदलून उंची साधली तर हा वाव अबाधित राहतो. एकच उंची दोन मार्गांनी मिळते, पण दोन मार्गांची किंमत निराळी आहे.

स्प्रिंगेच्या निवडीचा परिणामही याच आकड्यांवरून मोजता येतो. ५० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग मोटारीस सेकंदास सुमारे सव्वादोन आंदोलने देते. साध्या कौटुंबिक मोटारीत हे प्रमाण सेकंदास एक ते दीडच्या आसपास असते. सव्वा आंदोलनासाठी चाकाजवळ सुमारे १६० मिलिमीटर दबाव लागतो. शर्यतीच्या गुळगुळीत फरसबंदीवर सव्वादोनचा आकडा लाभदायक असतो, कारण मोटार वळणावर झुकत नाही. तोच आकडा मालवण–कसाल रस्त्यावर पावसाळ्याच्या अखेरीस चालकाच्या पाठीस व टायरच्या पकडीस जड जातो.

जुळणीचा शिस्तबद्ध क्रम असा सांगता येईल. प्रथम टायरमधील हवा नियत दाबाची करून, समपातळीच्या जागी, चालकाच्या वजनाएवढा भार आसनावर ठेवून चारही चाकांजवळची उंची मोजावी व लिहून ठेवावी. मग उंची बदलावी ती समोरासमोरच्या चाकांची सारखी. एकच कोपरा उचलला तर तिरप्या समोरच्या कोपऱ्यावरचा भारही वाढतो, आणि उरलेले दोन कोपरे हलके होतात. डगमगत्या चौपाईस तीनच पाय टेकतात त्यातला हा प्रकार आहे. त्यानंतर मोटार काही अंतर चालवून स्प्रिंगा बसू द्याव्यात, पुन्हा मोजावे, आणि उंची निश्चित झाल्यावरच चाकांचे कोन तपासावेत. मोटार खाली आणली की चाकांचे माथे बहुधा आत झुकतात व टायरची आतली कड झिजते. त्याबरोबर चाकांची पुढील दिशाही बदलते. शमनाची पाळी सर्वांत शेवटी येते. घुंडी पूर्ण आवळून तेथून पायऱ्या मोजीत सैल करावी, म्हणजे डावी-उजवीकडे आकडा सारखा राहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहावे. अखेरीस जखडकडी आवळून घ्यावी आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावी.

५. किनाऱ्याचा निर्णय

हा क्रम कोणत्याही देशास लागू आहे. मालवण किनारा त्यावर आपल्या अटी घालतो. पहिली अट रस्त्याच्या पृष्ठाची. महामार्गाचा जिल्ह्यातील बहुतांश भाग चौपदरी झाला असला तरी तो सोडून बंदराकडे वळले की जांभ्याच्या कडा, खचलेल्या साइडपट्ट्या आणि कच्च्या रस्त्यांवरील लाटांसारख्या उमटणाऱ्या आडव्या रेघा भेटतात. अशा लाटांवर शमन जरुरीपेक्षा अधिक आवळलेले असेल तर दबलेले चाक परत खाली पोहोचण्यापूर्वीच पुढची लाट येते. प्रत्येक लाटेबरोबर मोटार थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी रबरी अडसरावर आदळते. चालकास वाटते की स्प्रिंग मऊ आहे, आणि तो घुंडी आणखी आवळतो. उपाय नेमका उलटा आहे.

दुसरी अट गतिरोधकाची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंदीचा व १० सेंटिमीटर उंचीचा सांगितला आहे. दोन आखांमध्ये २.५ मीटर अंतर असलेली मोटार त्याच्या बरोबर मध्यावर आली असता चाकेही उंचवट्यावरच चढलेली असतात. म्हणून पोटाखालची मोकळीक १० नव्हे, तर सुमारे ४.६ सेंटिमीटरनेच कमी होते. १२ सेंटिमीटर मोकळीक असलेली मोटार जुळणीने ३ सेंटिमीटर खाली आणली, तरी असा गतिरोधक ती सावकाश ओलांडू शकते. परंतु गावच्या तोंडाशी घातलेला मीटरभर रुंदीचा, तेवढ्याच उंचीचा बांध दोन आखांच्या मध्ये मावतो आणि पुरे १० सेंटिमीटर खाऊन टाकतो. उरलेल्या ९ सेंटिमीटरांत तो बसत नाही, व तेलाची टाकी किंवा धुराडे घासते. मोटार किती खाली आणावी याचा निर्णय शेवटी त्या बांधाकडे जातो, सुचीपत्राकडे नव्हे.

तिसरी अट घाटाची व पावसाची. आंबोलीस वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. करूळ, भुईबावडा, फोंडा व आंबोली या घाटांतील वळणांवर रस्ता एकाच वेळी ओला, कललेला व उतरता असतो. कोरड्या रस्त्यावर ताठर जुळणीने मिळणारा फायदा ओल्यात तोट्यात जातो, कारण चाकावरील भार झपाट्याने कमीजास्त झाला की पातळ झालेली पकड सुटते. पावसाळ्यात घुंडी काही पायऱ्या सैल करणे हा येथील शहाणपणाचा भाग होय.

चौथी अट खाऱ्या वाऱ्याची. पाट्याला गंज चढे तेव्हा तो कुरकुरे आणि आपली तक्रार ऐकवी. कॉइलओव्हरच्या आट्यांत मीठ व जांभ्याची तांबडी धूळ मुकाट्याने शिरते. कडे एका धातूचे आणि नळी दुसऱ्या धातूची असल्यास खाऱ्या ओलाव्यात ती एकमेकांस खाऊन घट्ट बसतात, व दोन पावसाळ्यांनंतर जुळवणीक्षम वस्तू जुळवणीस नकार देते. गोड्या पाण्याने धुणे, आटे घासून वंगण लावणे आणि वर्षातून एकदा तरी कडी फिरवून पाहणे, हे जुन्या पाट्यांमधील वंगणाचेच नवे रूप आहे.

६. स्वातंत्र्य आणि जबाबदारी

पाट्याच्या काळी लॉरीवर जादा पाटा चढविणे ही मिस्त्री व मालक यांच्यातील बाब मानली जाई. आज तसे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कटाक्षाने अर्थ लावला. अमुक जोडणी त्या मर्यादेत बसते किंवा नाही, हे प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आधी जाणून घेणे मालकाच्या हिताचे आहे. स्पोर्ट्स मोटारीचा मालक घाटात एकटा नसतो. समोरून एस.टी. येत असते, कडेने शाळकरी मुले चालत असतात, आणि सुटलेल्या पकडीचा हिशेब त्यांनाही द्यावा लागतो. कायद्याच्या कठोरतेमागील हे कारण समजून घेतले पाहिजे.

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. मेण्यापासून कॉइलओव्हरपर्यंत या किनाऱ्यावरील प्रत्येक वाहनाची जुळणी स्थानिक रस्त्याने ठरविली. कारखान्याने केवळ आरंभबिंदू दिला. पाट्याच्या युगात उंची, ताठरता व शमन एकमेकांस बांधलेली असल्यामुळे ज्ञान हातात होते व चूक चटकन दिसे. कॉइलओव्हरने ती तीन परिमाणे सुटी करून जुळणाऱ्यास अपूर्व स्वातंत्र्य दिले. परंतु सुट्या झालेल्या गोष्टींचा परस्परसंबंध पाट्याच्या लोखंडात होता तो आता जुळणाऱ्याच्या डोक्यात असावा लागतो. मोजल्याशिवाय फिरविलेले कडे हे ऐरणीशिवाय मारलेल्या हातोड्यासारखे होय.

या इतिहासाची साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. पाट्यांना कमान देणाऱ्या भट्ट्या, त्या मिस्त्र्यांची परिभाषा, कोणत्या मार्गावरील गाडीस किती पाटे ठेवावयाचे याविषयीचे आगारांतील अनुभव आणि फियाट व जीप यांच्या स्थानिक दुरुस्तीच्या पद्धती यांची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे. उद्योगाचा इतिहास कारखान्यांच्या दफ्तरांवरून लिहिला जातो, पण वाहनाचे अर्धे आयुष्य दफ्तराबाहेर, रस्त्याकडेच्या छपराखाली जाते. सिंधुदुर्गातील वृद्ध मिस्त्री हयात आहेत तोवर त्यांच्याकडून हे ज्ञान टिपून घेतले, तर आट्यांच्या कड्याशी झगडणाऱ्या नव्या पिढीसही त्याचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही.